मालूताईंचं गाऱ्हाणं

मालूताईंच्या खानावळीत सकाळी चहाच्या आधी एक प्रश्न मिळायचा.

"झाली का?"

हे विचारताना त्या कुणाकडे बघत नसत. चुलीवरच्या पेजेला बुडबुडे यायला लागलेले असत, त्यांच्याकडे बघत असत. आवाज इतका संथ, की आपण अजून अंथरुणातच आहोत आणि कुणीतरी लांबून हाक मारतंय असं वाटावं. सरकारी कचेरीतला कारकून असो, एस.टी.चा ड्रायव्हर असो, प्रश्न तोच. नवा माणूस पहिल्या दिवशी कानापर्यंत लाल व्हायचा. पुढे नुसती मान हलवायला शिकायचा. आणि एक दिवस आपणहून सांगायचा, "आज छान झाली, ताई." मग मालूताई पेजेत मीठ घालायच्या.

मी त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचे. चिपळूणहून आले होते, एका साप्ताहिकात प्रुफं तपासायच्या नोकरीवर. माझ्या वडिलांचा छोटा छापखाना. आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. हुंडा, दारू, धरण, पाणी, मोर्चा. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळे खरं ते ठळक टाइपात छापून गावभर वाटलं की लोक सुधारतात, अशी माझी पक्की समजूत होती. मालूताईंची समजूत वेगळी होती. लोक वेळेवर शौचाला गेले की निम्मे आपोआप सुधारतात, असं त्या म्हणत. त्या मला 'पत्रकबाई' म्हणायच्या.

घर मांडवीत, बंदराजवळच्या वस्तीत, रस्त्यापासून जरा आत, माडांखाली. चिऱ्याचं, लांबट. पुढच्या पडवीत पाट मांडून पंगत बसायची. मागच्या दारातून समुद्र दिसत नसे, पण ऐकू यायचा. दुपारी भांडी झाली की मालूताई त्या दाराच्या पायरीवर बसून राहायच्या. वारा माडांतून यायचा, उन्हाचे कवडसे अंगणभर हलत राहायचे, आणि त्या हलण्यात मालूताईही थोड्या पातळ झाल्यासारख्या दिसायच्या. तेव्हा काही विचारलं तर उत्तर लगेच येत नसे. बऱ्याच वेळाने यायचं, पाण्यावरून तरंगत आल्यासारखं.

त्यांचा नवरा मचव्यावर खलाशी होता आणि फार लवकर गेला, एवढंच मला ठाऊक. बाकीचं आयुष्य त्यांनी कधी सलग सांगितलं नाही. एकदा ताक घुसळताना म्हणाल्या, "बाळंतपणात मूळव्याध झाली. मूल राहिलं नाही, मूळव्याध राहिली." आणि रवी फिरत राहिली. ते दुखणं त्यांनी खाण्यापिण्याची रीत बदलून, वर्षं घालवून शांत केलं होतं. तेव्हापासून ही खानावळ म्हणजे त्यांची त्या दुखण्याशी चाललेली लढाई होती. लढाई हा शब्द माझा. त्यांना तो फार घाईचा वाटला असता.

घाई हाच त्यांचा खरा शत्रू. "भरती बोलावून येत नाही," त्या म्हणायच्या, "आणि आली की अडवायची नाही. एवढं ज्याला कळलं त्याला दुखणं नाही." संडासात वर्तमानपत्र न्यायला त्यांच्याकडे सक्त बंदी होती. कुणी नेलंच तर त्या परसातल्या जास्वंदीपाशी उभ्या राहून शांतपणे म्हणायच्या, "आत काय वाचनालय आहे हो? झालं असेल तर उठा. नसेल झालं तरी उठा, मग परत जा. बसून राहू नका. जोर लावू नका." सगळ्या आळीला ऐकू जायचं. आतला माणूस घाईघाईने पाणी ओतायला लागायचा.

जेवण त्यांच्या मनाने. सकाळी लाल उकड्या तांदळाची पेज, दुपारी नाचणीची भाकरी, एक पालेभाजी हमखास. सुरण आमसुलं टाकून शिजवलेलं, केळफूल, दुधी, पावसाळ्यात टाकळ्याची भाजी. ताटाजवळ ताकाचा गडू. मासे असायचे, पण तेलात बुडालेले नाहीत आणि तिखटाने लाल झालेले नाहीत. मिरचीचा ठेचा मागितला तर त्या ऐकूच न आल्यासारख्या पुढच्या पानाकडे जायच्या. रात्री जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, बंदरापर्यंत चालत जाऊन यायचं. खरंच गेला की नाही ते त्या चपलांना लागलेल्या वाळूवरून ओळखायच्या.

एकदा पंगतीने बंड केलं. पुढारी होते साळवी नावाचे कारकून. साळवींच्या बोटात मूळव्याधीची अंगठी होती. अशा अंगठ्या अजून विकल्या जातात आणि शिकलेली माणसं त्या घालतात, याचा मला भयंकर संताप यायचा. साळवी अंगठी घालून बिनधास्त फरसाण खायचे, पाणी टाळायचे, आणि दिवसभर खुर्चीत एका कुल्ल्यावर बसायचे.

"ताई, नाचणी बस झाली," साळवी म्हणाले. "आम्ही काय गुरं आहोत? पांढरा भात घाला, झणझणीत रस्सा घाला."

मालूताई भाकरी थापत होत्या. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, फुगली. मग म्हणाल्या, "गुरांना मूळव्याध झालेली बघितलीत कधी?"

साळवी अंगठी फिरवायला लागले.

"अंगठीला विचारा पाहिजे तर," त्या म्हणाल्या, आणि भाकरी साळवींच्याच पानात पडली.

गणपत ड्रायव्हर हसून लोळला. हा गणपत त्यांचा लाडका. दिवसभर तापल्या इंजिनाशेजारी बसून त्याचे हाल व्हायचे. मालूताईंनी जुन्या लुगड्याची घट्ट चुंबळ वळून त्याला दिली होती. बायका डोक्यावर पाटी घेताना ठेवतात तशीच, फक्त जरा मोठी. गणपत ती सीटवर ठेवून गाडी हाकायचा. "लोकांच्या डोक्यावर चुंबळ, माझी खाली," तो सांगायचा. "पण मालूताय, घाटात लय सुख लागतं बघ." "सुख चुंबळीचं नाही रे," त्या म्हणायच्या. "डेपोत गाडी थांबली की तू पाणी पितोस, चार पावलं चालतोस, त्याचं आहे."

मला या सगळ्यात एक पत्रक दिसलं, हे सांगायला नकोच. मी लिहिलं. 'लाज सोडा, रोग सोडेल!' असं काहीसं शीर्षक होतं. भांडवलदारांच्या मैद्यापासून बुवाबाजीच्या अंगठीपर्यंत कुणालाच मी सोडलं नव्हतं. दुपारच्या पायरीवर मी ते त्यांना आवेशाने वाचून दाखवलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. वाचून संपलं.

"छान आहे," अखेर त्या म्हणाल्या. "पण पोरी, तू लिहिताना पण कुंथतेस."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

रुक्मी मांडवीच्या बंदरावर मासे विकायची आणि परतताना पाटी घेऊन मालूताईंकडे यायची. तिचा नि मालूताईंचा रोजचा तंटा ऐकण्यासारखा असायचा.

"हा बांगडा काल जिवंत होता वाटतं," मालूताई माशाचा कल्ला उघडून म्हणायच्या.

"तुज्यापेक्षा ताजा हाय गो ताय. घे नायतर ऱ्हाऊ दे."

तंटा संपला की रुक्मी पायरीवर फतकल मारून चहा घ्यायची. त्या हिवाळ्यात ती उभ्यानेच चहा प्यायला लागली. मला वाटलं घाईत असेल. मालूताई काही दिवस नुसत्या बघत होत्या. मग एकदा म्हणाल्या, "बस की गो."

"उभ्यानंच बरी."

"रक्त जातंय?"

रुक्मीच्या हातातला कप थांबला. मग ती भांडायच्या आवाजात काहीतरी बोलायला गेली आणि रडायला लागली. कितीतरी महिने जात होतं. नवऱ्याने बजावलं होतं, कुणाजवळ बोलायचं नाही, बायकांच्या जागेचं दुखणं चव्हाट्यावर न्यायचं नाही. आणि झालं कशाने? बंदरावर पुरुष कुठेही आडोशाला जातात. बायकांना जागाच नाही. म्हणून बायका पहाटे घरातून निघाल्यापासून पाण्याचा थेंब घेत नाहीत. लघवी दाबायची, शौच दाबायचं, दिवसभर उन्हात उकिडवं बसायचं, घरी जाऊन भात आणि तिखट सुकटीची चटणी. रुक्मी एकटी नव्हती. बंदरावरच्या सगळ्या बायका अशाच कोरड्या बसलेल्या असत. मी रोज तिथून जायचे आणि मला ते कधी दिसलं नव्हतं.

"माझा संडास तुझाच समज," मालूताई म्हणाल्या. "मधेच उठून यायचं. पाटी मी बघीन. आणि पाणी प्यायचं."

त्या दिवसापासून रुक्मीसाठी वेगळा गडू ठेवला गेला. ताक, सुरण, भाकरी, पपईची फोड. कोमट पाण्याने भरलेलं पसरट घमेलं मागच्या न्हाणीत तयार असायचं. त्यात थोडा वेळ बसून रुक्मी बाहेर आली की तिचा चेहरा सैल झालेला दिसायचा. दुखणं कमी झालं. शौचाला त्रास होईनासा झाला. मालूताई खूश होत्या. दुपारी पायरीवर त्यांच्या तोंडून गुणगुणल्यासारखं काहीतरी ऐकू यायचं.

पण रक्त थांबलं नाही. रुक्मी पिवळी पडत चालली. अंगणातल्या पायऱ्या चढताना तिला धाप लागायची. एकदा पाटी उतरवता उतरवता ती खांबाला धरून खाली सरकली. मालूताईंनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. आत पांढरंफटक. त्या बराच वेळ ती पापणी धरून होत्या.

"माझ्या जेवणाने थांबायचं असतं तर थांबलं असतं," त्या म्हणाल्या. "मी तुला उगाच इतके दिवस घरी ठेवलं. दवाखान्यात चल."

"नाय. बापया डाक्टरासमोर मी नाय दाखवायची. आनि गेलं की अख्खी मांडवी इचारील, काय झालं, कुठं झालं. घो मना घरात घेनार नाय."

मी तावातावाने तिच्या नवऱ्याला जाब विचारायला निघाले, तर मालूताईंनी माझं मनगट धरलं. इतक्या जोरात त्यांनी काही धरल्याचं मला आठवत नाही. "तिने मला सांगितलंय," त्या म्हणाल्या. "तुला नाही, नि मांडवीलाही नाही."

मग शिमगा आला.

शिमग्यात देवाची पालखी घरोघर येते. घरातली बाई ओटी भरते, आणि घराच्या वतीने कुणी जाणता माणूस देवापुढे मोठ्याने गाऱ्हाणं घालतो. मुंबईला गेलेल्या मुलाला नोकरी लागू दे, सुनेला मूल होऊ दे. प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. मी देव मानत नाही. पालखी अंगणात आली तेव्हा मी मुद्दाम हाताची घडी घालून खांबाला टेकून उभी होते. ढोल वाजत होते, गुलाल उन्हात धुक्यासारखा तरंगत होता. आळीतल्या बायका ओट्या घेऊन उभ्या होत्या. त्यांत रुक्मी होती, दुसऱ्या बाईच्या खांद्याला धरून. नवरा पलीकडे पुरुषांत.

गाऱ्हाणं घालायचे आप्पा, आळीतले वयस्क, करड्या मिशांचे. मालूताई त्यांच्या कानाशी लागल्या. आप्पांचा चेहरा बदलला.

"हे बोलायचं?"

"बोला."

आप्पांनी घसा साफ केला. ढोल थांबले.

"बा देवा म्हाराजा! ही तुझी लेक मालती आज तुझ्या पायाशी गाऱ्हाणं घालते आहे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हिला जे काय हे... बसण्याउठण्याचं दुखणं..."

"मूळव्याध म्हणा, आप्पा," मालूताई त्यांच्या त्याच झोपाळू आवाजात म्हणाल्या. "देवाला कळायला नको, कुठलं बरं करायचं ते?"

"हिला जी मूळव्याध झाली आहे, म्हाराजा!"

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सवयीने, जन्मभराच्या सवयीने, सगळ्यांच्या तोंडून निघालंच: "व्हय म्हाराजा!" मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"हिचं रक्त जातं आहे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"उद्या सकाळी ही सरकारी दवाखान्यात जाणार आहे. एकटीला हिला भय वाटतं. हिला बाईमाणसाची सोबत मिळू दे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता ते नीट, मनापासून आलं. ओरडणाऱ्यांत रुक्मीचा नवराही होता.

मालूताईंनी रुक्मीकडे पाहिलंसुद्धा नाही. पेजेच्या पातेल्याकडे बघावं तसं त्या पालखीकडे बघत होत्या.

सकाळी रुक्मी मागच्या दारात उभी होती, धुतलेलं लुगडं नेसून, केसांना तेल लावून. "मी घोवाला बोललंय," ती म्हणाली, "मालूताय एकटी कशी जाईल? देवासमोर सोबत मागितलीन, मी जातंय." नवऱ्याला नाही म्हणायला जागा नव्हती.

दवाखान्यात मालूताईंनी डॉक्टरांना फक्त एवढं सांगितलं, "आधी हिला बघा." नर्सबाईने पडदा ओढला, रुक्मीचा हात धरून ठेवला. डॉक्टर तरुण होते. बाहेर येऊन ते मालूताईंवर चिडले. "ताक, भाजी, पाणी, कोमट पाण्यात बसणं, सगळं चांगलं आहे. बरी झाल्यावर जन्मभर करा. पण रक्त जात असताना माणूस घरी ठेवायचा नाही. दर वेळी मूळव्याधच असते असं नाही, आत बघावं लागतं. हिची आहे मूळव्याधच, पण अंगात रक्त किती उरलंय बघितलंत?"

"चुकलं," मालूताई म्हणाल्या. आधी रक्ताची बाटली, मग ऑपरेशन, असं ठरलं. रुक्मीला ठेवून घेतलं. आणि आळीच्या लेखी 'आजारी' असलेल्या मालूताई तिच्याजवळ राहिल्या.

खानावळीला कुलूप लागलं. लोकांनी आपापली सोय केली, आणि काहींनी ती कायमचीच केली. साळवी रस्त्यात भेटले. "रक्त जाणाऱ्या बाईच्या हातचं खायचं कसं हो?" म्हणाले, आणि अंगठी फिरवत उभे राहिले. मी तिथेच त्यांना काय काय सुनावलं ते इथे लिहीत नाही, पण खरी आजारी कोण, तेवढं बोलले नाही. संध्याकाळी मी दवाखान्यात जाऊन मालूताईंवरच तोंड सोडलं. हा अन्याय आहे, तुमचं पोट त्या खानावळीवर आहे, मी सगळ्यांना खरं सांगणार.

"सांगितलंस तर ती ऑपरेशनला थांबायची नाही," त्या म्हणाल्या.

"पण हा अन्याय आहे!"

"असेल. घाल पत्रकात. माझं नाव मोठ्या टाइपात टाक. तिचं नको."

मी ते पत्रक लिहिलं नाही. बंदरावर बायकांसाठी संडास आणि नळ पाहिजे, एवढंच एक लिहिलं, साध्या वाक्यांत, कुणालाही शिव्या न देता. आजवर मी लिहिलेल्यांतलं तेच एक लोकांनी शेवटपर्यंत वाचलं.

रुक्मी बरी झाली, हे इथेच सांगून टाकते. लोकांना टांगणीला लावून ठेवणं मला पटत नाही. ऑपरेशन नीट झालं, आणि पुढे बंदरावर पाण्याची कळशी घेऊन बसणारी पहिली बाई ती होती, असं मी नंतर ऐकलं. मालूताईंची खानावळ परत उघडली, पंगत लहान झाली, आणि सकाळच्या प्रश्नाला दुसरा एक जोडला गेला: "रक्त दिसलं? मग इथे कशाला आलात? दवाखान्यात जा आधी." हेही ऐकलेलंच. कारण ऑपरेशनच्या आधीच वडिलांनी मला छापखाना सांभाळायला चिपळूणला बोलावून घेतलं.

निघायच्या दिवशी दुपारी मी निरोप घ्यायला गेले. बायकांच्या वॉर्डात सामसूम होती. पंखा हळू फिरत होता आणि खिडकीतून आलेलं ऊन फरशीवर पसरून पडलं होतं. आळीतली माणसं मालूताईंना बघायला येत तेव्हा त्या खाटेवर आडव्या व्हायच्या आणि रुक्मी खिडकीशी उभी राहायची. माणसं गेली की अदलाबदल. नर्सबाई वैतागून म्हणाल्या होत्या, "पेशंट कोण ते एकदा नीट ठरवा."

मी गेले तेव्हा रुक्मीला गाढ झोप लागली होती, कुशीवर, भिंतीकडे तोंड करून. बाटलीतलं रक्त थेंब थेंब उतरत होतं. मालूताई पायथ्याशी स्टुलावर बसून त्या थेंबांकडे बघत होत्या. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि तसाच ठेवला.

तेवढ्यात दारात आप्पा दिसले. हातात नारळ आणि अंगाऱ्याची पुडी. रुक्मीला उठवायला वेळच नव्हता. मालूताई शांतपणे स्टुलावरून उठल्या, खाटेच्या पायथ्याशी बसल्या, चादरीचं टोक स्वतःच्या गुडघ्यांवर ओढून घेतलं आणि कण्हायला लागल्या.

आप्पा जवळ आले. खाटेकडे पाहिलं, बाटलीकडे पाहिलं, बाटलीतून निघून रुक्मीच्या हाताकडे गेलेल्या नळीकडे पाहिलं.

"सोबतीला आलेली झोपली वाटतं," ते म्हणाले.

"दमली हो, आप्पा," मालूताई कण्हत म्हणाल्या. "माझ्यासाठी किती जागते बिचारी."

आप्पांनी नारळ खाटेजवळ ठेवून पुडी सोडली. मग त्यांनी अंगारा मालूताईंच्या कपाळाला लावला, वाकून चिमूटभर रुक्मीच्याही कपाळाला लावला, आणि तिला जाग येऊ नये म्हणून वहाणा हातात घेऊन वॉर्डातून बाहेर गेले.